आम्ही काय ठेवतो आणि किती दिवस

ब्लॉगवर असं एक पान असावंच लागतं, असं जॅनीनने सांगितलं तेव्हा मी किटली चुलीवर परत ठेवली आणि विचारलं, "कसलं पान?"

"वाचायला येणाऱ्यांची कोणती माहिती आपण ठेवतो, कशासाठी, किती दिवस, ते लिहायचं असतं, आंट फीनी. सगळे लिहितात."

"आणि सगळे वाचतात?"

"कुणीच वाचत नाही."

"मग मी असं लिहीन की कुणीतरी वाचेल."

जॅनीन माझ्या धाकट्या भावाची, चेस्लीची, नात. सेंट जॉन्सला, शहरात, असते, कंप्युटरचंच काम करते, आणि महिन्यातून एकदा गाडी हाकत माझ्याकडे येते. ब्लॉग तिनेच काढून दिला. ऑगर आयलंडवर जन्मलेली माणसं आता कुठे कुठे पांगली आहेत. एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यानंतर बेटावर कुणी राहिलं नाही. सरकारने आम्हाला उठवून इकडे किनाऱ्यावरच्या कोव्ह गावाला आणलं. घरांना रिकामी पिंपं बांधली आणि बोटींनी ओढत अख्खीच्या अख्खी घरं पाण्यावरून आणली. आमच्या घराच्या खिडकीत पडदे तसेच होते. आता तिथे देवळाचा, आमच्या चर्चचा, पाया आणि कबरी, एवढंच आहे. माझ्याकडे फोटो होते, पोस्टातल्या जुन्या वह्या होत्या आणि डोक्यात बरंच साठलेलं होतं. मेल्यावर ते कुणाला द्यायचं, म्हणून ब्लॉग.

त्या पानावर काय लिहायचं ते मी सांगितलं आणि जॅनीनने टाइप केलं. मथळा दिला, "आम्ही काय ठेवतो आणि किती दिवस". खाली लिहिलं: तुम्ही फोटोखाली काही लिहिलंत तर ते आम्ही कायमचं ठेवतो, कारण आमच्याजवळ तेवढंच उरलं आहे. तुमचा ईमेल ठेवतो, पण कुणाला दाखवत नाही. आम्ही कुणाच्या मागावर जात नाही. तुमच्याबद्दल आमच्याकडे काय काय आहे असं विचारलंत, तर तीस दिवसांत सगळं पाठवू. पुसा म्हणालात तर पुसू.

"आणि कुकी," जॅनीन म्हणाली.

"ती काय भानगड?"

"ब्लॉग वाचणाऱ्याच्या मशीनमध्ये एक चिठ्ठी ठेवून येतो. पुढच्या वेळी तो माणूस आला की चिठ्ठी बघून ओळखतो. नाव, ईमेल आपोआप भरलं जातं. वर्षभर टिकते."

"दुसऱ्याच्या घरात शिरून चिठ्ठी ठेवायची?"

"त्याला विचारून. त्याने हो म्हणून खूण केली तरच."

मी कपात चहा ओतायला लागले. जॅनीनला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तिने पुन्हा सगळं समजावलं. मी म्हटलं, ठेव, आणि वर्षभर असं पानावर लिही. आमच्या वयाच्या माणसांची बोटं दुखतात, दर वेळी नाव कशाला लिहायला लावायचं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. फोटोखाली लिहिताना पहिली चौकट असते, तिच्यावर "नाव" असं छापलेलं होतं. मी ते काढायला लावलं. बेटावर मुलाला कुणी नाव विचारत नसे. नवीन माणूस बोटीतून उतरला आणि धक्क्यावर खेळणारं पोर दिसलं की तो विचारायचा, "तू कुणाचा?" पोर बापाचं नाव सांगायचं. मला सात वर्षांची असताना विचारलं असतं तर मी म्हणाले असते, अँब्रोज लॉकयर. मोठं झाल्यावर माणूस जरा लांबवून सांगे, अँब्रोजची फीनी. तेव्हा चौकटीवर मी लिहून घेतलं: "तुम्ही कुणाचे?"

"लोक गोंधळतील," जॅनीन म्हणाली.

"आमचे नाही गोंधळणार."

आणि खरंच कुणी गोंधळलं नाही. जॉर्जची एडना, सायलसचा हेडली, असे सगळे येत गेले आणि लिहीत गेले. दोन वर्षं सुखाची गेली.

मग गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात, धुक्याच्या एका सकाळी, मी देवळाचा फोटो लावला. दुपारी बघते तर खाली एक ओळ: "घंटा तडकलेली होती. पश्चिमेचा वारा असला की आवाज दोनदा यायचा."

खरी गोष्ट. मी स्वतः विसरले होते. वर चौकटीतलं नाव होतं: लेवाय अपशॉल.

अंकल लेवायला, बेटावर सगळेच त्याला अंकल म्हणायचे, आम्ही सत्तरच्या मार्चमध्ये इथे कोव्हच्या दफनभूमीत पुरलं. जमीन गोठलेली होती, खणायला दोन दिवस लागले. त्या दिवशी लोकांसाठी मनुका घातलेला पाव मीच भाजला होता.

मी जॅनीनला फोन केला.

"कुणीतरी थट्टा करतंय," ती म्हणाली.

"लेवाय अपशॉलच्या नावाने आमच्यात थट्टा कोणी करणार नाही."

"मग बघू का कुठून आलंय? मागे एक नंबर येतो. त्यावरून गाव नाही तरी मुलूख कळतो."

"आपण पानावर काय लिहिलंय?"

"आंट फीनी, ते पान—"

"काय लिहिलंय?"

"कुणाच्या मागावर जात नाही."

"मग."

ती हसली. म्हणाली, तुझ्यासारखी प्रामाणिक बाई सबंध इंटरनेटवर नसेल. मी फोन ठेवला आणि हात ॲप्रनला पुसत बसले. प्रामाणिकपणाचा त्यात काही संबंध नव्हता. मला जाणून घ्यायचंच नव्हतं.

पण मन स्वस्थ बसेना. कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतं का, हे बघावं असं वाटलं. मी माझा ब्लॉग वाचणाऱ्यासारखा उघडला, चौकटीत लेवाय अपशॉल असं टाइप केलं, खाली दोन शब्द लिहिले, "लक्षात ठेवा" या चौकटीत सवयीने खूण केली आणि पाठवून दिलं. लगेच ते दिसलं. त्याच्या नावाने. कोणी अडवलं नाही. मी ते ताबडतोब पुसून टाकलं.

ब्लॉगवरून पुसलं गेलं. माझ्या मशीनमधली चिठ्ठी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसले तर पहिल्या चौकटीत तेच नाव भरलेलं. तुम्ही कुणाचे? लेवाय अपशॉल. तिसऱ्या दिवशीही. ते कसं काढायचं ते जॅनीनने एका मिनिटात सांगितलं असतं, पण त्यासाठी तिला आधी सांगावं लागलं असतं की ते तिथे आलं कसं. मी त्याचं नाव असं लिहिण्याची ती दुसरी खेप होती.

थंडीत तो येत राहिला. मी "तो" म्हणते. फोटो लावला की दोन-तीन दिवसांनी एक ओळ. शाळेच्या फोटोखाली: "शेगडी डाव्या भिंतीला होती." विहिरीच्या फोटोखाली: "हिवाळ्यात झाकण गोठायचं. कुऱ्हाडीने उघडायचो." कधी जास्त नाही, कधी कुणाची विचारपूस नाही. दुसरे वाचक गप्प होते. नाव सगळ्यांनी बघितलं असणार. जॉर्जच्या एडनाने तेवढं फोनवर विचारलं, "फीनी, तो अपशॉल कोण गं?" मी म्हटलं, असेल कोणी नातेवाईक, ऑन्टॅरियोकडे गेलेत ना त्यांच्यातले. एडना म्हणाली, "हं." आणि मग हवेबद्दल बोलायला लागली.

जानेवारीत मी बेट सोडल्याची हकीकत लिहिली. शेवटी लिहिलं, "जड मनाने का होईना, सगळे राजी झाले." दोन दिवसांनी खाली ओळ आली.

"सगळे नाही."

त्यानंतर मी महिनाभर काही लावलं नाही. घरात फिरताना टेबलाकडे पाठ करून फिरायचे. मशीन बंद असलं तरी ते बंद आहे असं वाटायचं नाही. कुकी म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवलेली चिठ्ठी, हे मला जॅनीनने सांगितलेलं होतं. आता चिठ्ठी माझ्या घरात होती, आणि ती मीच ठेवली होती.

मार्चमध्ये मी जाळी तरंगत ठेवणाऱ्या बोयांचा फोटो लावला. निर्धोक फोटो वाटला मला. एका भिंतीवर ओळीने टांगलेले आठ-दहा लाकडी बोये, माणूस एकही नाही. दुसऱ्याच दिवशी: "उजवीकडून तिसरा आमचा. खूण बघा."

मी फोटो मोठा केला. प्रत्येक घराची आपली खूण असायची, सुरीने कोरलेली, म्हणजे जाळी वाहून गेली तरी कुणाची ते कळावं. तिसऱ्या बोयावर एक उभी रेघ होती आणि तिच्या टोकाला तीन फाटे. पक्ष्याच्या पायासारखी. ती बघितली आणि मला आठवलं की ती मी लहानपणापासून बघत आले होते. लेवायच्या पिंपांवर, वल्ह्यांवर, टोपीच्या आतल्या पट्टीवरसुद्धा. आणि तरी सहासष्ट साली मी फुली काढली होती.

आता ते सांगते.

बेटावर वीस घरं होती. सरकारचा नियम होता की दहातल्या नऊ घरांनी सही केली तरच हलवायचं, नाहीतर कुणालाच मदत नाही. म्हणजे अठरा घरं हवी होती. सतरा झाली होती. मी सतरा वर्षांची होते, पोस्टात मावशीच्या हाताखाली काम करायचे आणि माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून कागद घेऊन घरोघरी मीच जायचे. चेस्ली तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या छातीत पाणी व्हायचं. नर्सची बोट वर्षातून दोनदा यायची, बर्फ असला तर एकदा. त्या हिवाळ्यात आई त्याला मांडीवर बसवून रात्ररात्र काढायची, आडवा केला की त्याला श्वास घेता येत नसे.

उरलेल्या तिघांपैकी दोघांना लिहिता येत होतं. लेवायला येत नव्हतं.

मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो धक्क्यावरच्या खोपीत जाळं विणत बसला होता. त्याने मला कॉड माशांच्या पिंपावर बसवलं आणि डब्यातलं दूध घालून चहा दिला.

"अंकल लेवाय, सही हवी आहे."

"मला लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे, पोरी."

"खूण चालते."

"खूण मी माझ्या वस्तूंवर करतो. हा कागद माझा नाही."

"परवा येऊ?"

"ये की. परवा पुन्हा नाही म्हणेन. तुला तेवढाच चहा मिळेल."

तो हसत होता. मी पण हसले. मग टेकडी चढून विहिरीपाशी आले, झाकणावर कागद ठेवला, त्याचं नाव लिहिलं आणि पुढे फुली काढली. खुणेला साक्षीदार लागतो. खाली मी माझं नाव लिहिलं. ट्रायफीना लॉकयर, साक्षीदार. सुंदर अक्षरात.

जूनमध्ये सरकारी माणसाने शाळेत सगळ्यांना जमवून यादी वाचली. अपशॉल म्हटल्यावर लेवाय उठून उभा राहिला. "मी खूण केली नाही," तो म्हणाला. सरकारी माणसाने कागद वर धरला. "इथे आहे. साक्षीदारही आहे." साक्षीदाराचं नाव त्याने वाचलं नाही, पण कागद कोणी फिरवला ते सगळ्या बेटाला माहीत होतं. लेवायने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग शेजारी माझी आई होती, तिच्या मांडीवर चेस्ली घशातून शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत होता, त्यांच्याकडे बघितलं. आणि खाली बसला.

तो माझ्याबद्दल कधीच कुणाला काही बोलला नाही. एवढंच म्हणत राहिला, मी खूण केली नाही. लोकांनी ठरवलं की खूण करून नाकारतोय, म्हाताऱ्याला लाज वाटते. त्याच्याकडे त्याचं घर होतं, बायको गेलेली, तेरा वर्षांची मुलगी मॉड होती. इथे कोव्हला त्यांना पाण्यापासून लांब, दलदलीच्या कडेची जागा मिळाली. मॉड त्याच्याशी बोलायची नाही, हे सगळ्यांना दिसायचं. सतरा वर्षांची झाली आणि बाप गेल्यावर महिन्याभरात ऑन्टॅरियोला निघून गेली. पुन्हा आली नाही. चेस्ली पुढे बासष्ट वर्षांचा होऊन वारला. त्याची तीन मुलं, पाच नातवंडं, त्यांतली एक जॅनीन.

कागदाच्या दोन प्रती होत्या. एक सरकारकडे गेली. दुसरी पोस्टात राहिली, पोस्ट बंद झालं तेव्हा मी ती बिस्किटांच्या डब्यात घातली, आणि तो डबा माझ्या पलंगाखाली आहे.

मेच्या सुरुवातीला ब्लॉगला पत्र आलं. ईमेल तोच, ज्याच्यावरून ते सगळं येत होतं. नाव तेच. मजकूर एवढाच होता:

"तुमच्या पानावर लिहिलं आहे की विचारलं तर सगळं पाठवता. लेवाय अपशॉल यांच्याबद्दल तुमच्याकडे जे काही आहे ते सगळं पाठवा."

पान कुणीतरी वाचलं होतं.

जॅनीन त्या शनिवारी आली होती. तिने ते पत्र बघितलं. "सोपं आहे. एक बटण आहे. त्याने लिहिलेल्या अकरा ओळी, ईमेल, तारखा, सगळं गोळा होतं. दाबू?"

"नको. मी पाठवीन."

"तुला जमेल?"

"तीस दिवस आहेत ना?"

"आंट फीनी, तू घाबरलीयस का? भूत ईमेल नाही वापरत गं."

"तू चहा पी."

अकरा ओळी पाठवल्या असत्या तर जॅनीनच्या हिशेबाने वचन पाळलं गेलं असतं. ब्लॉगकडे तेवढंच होतं. पण पानावर मी "ब्लॉग" असं लिहिलेलं नव्हतं. "आमच्याकडे काय आहे" असं लिहिलं होतं, आणि आमच्याकडे पलंगाखाली डबा होता. तो कागद लेवायच्या घरातल्या कुणी बघितला तर पहिल्या नजरेत कळणार होतं. फुली. पक्ष्याचा पाय नाही. आणि खाली माझं नाव. या कोव्हमध्ये मी बेटाची आठवण सांगणारी बाई आहे. शाळेतल्या मुलांना माझं ऐकायला आणतात. देवळाच्या सभागृहात माझी खुर्ची ठरलेली आहे. एक कागद पाठवला की ती खुर्ची गेली, हे मला दिसत होतं. कागद नाही पाठवला तर काहीच होणार नव्हतं. कुणाला कळणार होतं?

रोज सकाळी मशीन उघडलं की चौकटीत त्याचं नाव तयार असायचं.

एकोणतिसाव्या दिवशी मी डबा काढला. कागदाचा फोटो काढला, बोयाचा मोठा केलेला फोटो घेतला, अकरा ओळी उतरवल्या आणि पत्र लिहिलं. ते पत्र फार लांब नव्हतं. लिहिलं की लेवाय अपशॉल यांच्याबद्दल माझ्याकडे हे एवढं आहे. कागदावरची खूण त्यांची नाही, माझी आहे, विहिरीच्या झाकणावर ठेवून काढलेली. त्यांनी दोनदा नाही म्हटलं होतं, एकदा माझ्यासमोर आणि एकदा सगळ्यांसमोर. त्यांना ठाऊक होतं कोणी केली, आणि ते बोलले नाहीत. खाली माझा फोन नंबर दिला.

फोन तिसऱ्या दिवशी दुपारी आला. मी बटाटे सोलत होते.

"फीनी लॉकयर?"

"हो."

"मी मॉड."

मी सुरी खाली ठेवली. आवाज म्हातारा होता, पण बोलणं अजून बेटाचंच होतं. पन्नास वर्षं ऑन्टॅरियोत काढूनही.

"मॉड," मी म्हटलं. "तू बापाचं नाव का लिहायचीस?"

"तूच विचारलंस ना, तुम्ही कुणाचे? तुझी ती चौकट बघितली आणि हात आपोआप चालला. धक्क्यावर विचारायचे तेव्हा काय सांगायचो आपण? मग माझं मशीन तेच भरत गेलं दर वेळी. नातू म्हणाला, आजी, बदल ते. मी म्हटलं, राहू दे, मला त्यांचं नाव असं लिहिलेलं बघायला आवडतं. कुठेच नाही ते लिहिलेलं."

मी सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

"मी त्यांच्याशी चार वर्षं बोलले नाही, फीनी," ती म्हणाली. "मी ताट पुढे ठेवायचे. भिंतीकडे बघत जेवायचे. ते म्हणायचे, मॉडी, मी नाही केली. मी उठून जायचे. मला वाटायचं, केली ते केली, वर खोटं बोलतात. शेवटच्या आठवड्यात सुद्धा."

"हो."

"हो काय?"

"ऐकतेय."

"मग तू तो बोयांचा फोटो लावलास. खूण बघितली आणि मला पहिल्यांदा वाटलं, अरे, या माणसाने खूण केलीच असती तर ही केली असती. टोपीत सुद्धा हीच करायचा. पन्नास वर्षं मला हे सुचलं नाही. म्हटलं, पोस्टातली प्रत असेल तर फीनीकडेच असेल. मला फक्त खूण बघायची होती. हीच असती तर मी त्यांना माफ करणार होते. तयारी करून बसले होते."

फोनमध्ये तिच्याकडची गाडी गेल्याचा आवाज आला.

"आता कुणाला माफ करू?" ती म्हणाली.

मी म्हटलं की मला माफ कर असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, "नको म्हणूस. चेस्ली कसा आहे?"

"गेला. पाच वर्षं झाली. बासष्टचा होता."

"बासष्ट." ती म्हणाली. "तुमच्या पानावर आहे, पुसा म्हटलं तर पुसता."

"कागद पुसता येत नाही, मॉड."

"ते पुसू नकोस. तो लाव तिथे, ब्लॉगवर. सगळ्यांनी बघू दे. आणि खाली लिही की कुणाची आहे. पुसायचं ते दुसरं आहे. तू लिहिलंयस, सगळे राजी झाले. मी नव्हते, आणि आता कळलं, तेही नव्हते. ते वाक्य पूस."

मी म्हटलं, बरं. तिने निरोप न घेता फोन ठेवला.

वाक्य मी त्याच दुपारी पुसलं. कागद लावायला जॅनीनची वाट बघितली, कारण तिने तो माझ्याकडूनच आधी बघावा असं मला वाटलं. तिने मी लिहिलेलं सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

"त्या फुलीमुळे आजोबा वाचले ना?"

"बहुतेक."

"म्हणजे मी पण."

"तू पण."

"मग मी तुला काय म्हणू, आंट फीनी?"

"काही म्हणू नकोस. बटण दाब."

पहिल्या दिवशी दोनशे चौदा माणसं ते पान बघून गेली. इतकी कधीच आली नव्हती. कुणी एक अक्षर लिहिलं नाही. रविवारी देवळाच्या सभागृहात सूपचं जेवण होतं. मी गेले. माझी खुर्ची रिकामी होती आणि तिच्या दोन्ही बाजूच्याही रिकाम्या होत्या. सायलसचा हेडली, जो आता पंचाहत्तरीचा आहे आणि काठी घेऊन चालतो, तो शेवटी ताट घेऊन समोर येऊन बसला.

"अठरावी तू केलीस," तो म्हणाला. "सतरा खऱ्या होत्या, फीनी. आमच्या घराची तिसरी. ते तू नीट लिहिलं नाहीस."

"तुमची तुम्ही लिहा."

"माझ्या बापाने लेवायला मरेपर्यंत खोटारडा म्हटलं." त्याने पाव मोडून सुपात टाकला. "मी पण म्हटलं असेन. पोरगाच होतो." मग खाऊन होईपर्यंत तो उठला नाही.

कागदाच्या फोटोखाली पहिली ओळ आठवड्याने आली. नाव, लेवाय अपशॉल. ओळीत एकच शब्द: "वाचलं."

मॉडने लिहिलं होतं, हे मला ठाऊक आहे. तिच्या मशीनने ते नाव भरलं आणि तिने बदललं नाही, हेही ठाऊक आहे. तरी मी त्या दिवशी पुन्हा मशीन उघडलं नाही.

त्यानंतर तो आला नाही. मी उन्हाळाभर फोटो लावले, शेवटचा धक्क्यावरच्या खोपीचा लावला, त्यात त्याचं अर्धवट विणलेलं जाळं दिसतं. काही नाही. माझ्या मशीनमध्ये मात्र तो रोज होता. जॅनीनला मी ती गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "दे, काढून टाकते, दोन सेकंदांचं काम." मी म्हटलं, पानावर वर्ष लिहिलं आहे ना, वर्ष होऊ दे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी, धुकं असं की समोरचा खांब दिसत नव्हता, मी चहा घेऊन बसले आणि चौकट रिकामी होती. वर फक्त प्रश्न होता. तुम्ही कुणाचे?

मी वाट बघितली. वाटलं, येईल. पूर्वी मशीन संथ होतं तेव्हा भरायला क्षणभर वेळ लागायचा. मग बोटं अक्षरांवर ठेवली आणि पुन्हा मांडीवर घेतली, कारण त्याचं नाव मी आजवर दोनदा त्याच्या परवानगीशिवाय लिहिलं होतं. चहावर साय धरली. चौकटीतली छोटी उभी रेघ लुकलुकत राहिली, कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं असावं तशी.